पितळी खिळ्याचा चाकू

मी एक जुना, खिशात मावणारा चाकू आहे. किती जुना, ते विचारू नका. मित्रांनो, माझं वय काढायला एक शहाणे गृहस्थ भिंग घेऊन बसले होते आणि त्यांच्या शहाणपणापायी एका भल्या माणसाला चोर म्हणवून घ्यावं लागलं. तेव्हापासून वय विचारणारा कोणी दिसला की माझं डोकं फिरतं. धार आहे का, ते विचारा. सांध्यात तेल शेवटचं कधी पडलं, ते विचारा. असल्या प्रश्नांची उत्तरं मी आनंदानं देतो.

माझा जन्म विलायतेतला. एका काळवंडलेल्या गल्लीत, दिवसभर खोकणाऱ्या एका कारागिरानं मला घडवलं. त्याचं नाव माझ्यावर कुठेही नाही. नाव आहे ते कारखान्याच्या मालकाचं, ज्यानं जन्मात कधी कानस हातात धरली नसेल. माझी मूठ म्हशीच्या काळ्या शिंगाची. शिंग बहुधा हिंदुस्थानातूनच गेलेलं असावं, म्हणजे माझी मूठ माझ्याआधी एकदा समुद्र ओलांडून गेली आणि माझ्याबरोबर परत आली. मला दोन पाती होती, एक मोठं आणि एक लहान. अंगावर आकडा मात्र एकही नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझा पहिला मालक रेल्वेचा एक गोरा साहेब. दापोडीजवळच्या लोहमार्गाची देखरेख त्याच्याकडे होती. देखरेख म्हणजे काय, तर छत्रीखाली खुर्ची टाकून बसायचं. माझ्याकडून तो संत्री सोलून घ्यायचा, चिलमीसारखा तो त्याचा पाइप कोरून घ्यायचा आणि फारच कंटाळा आला तर बाभळीच्या खोडावर स्वतःचं नाव कोरायचा. पोलादाचा यापेक्षा मोठा अपमान मला माहीत नाही. पुढे मानमोडीची साथ आली, माणसं पटापट मरू लागली आणि साहेबानं गाशा गुंडाळला. निघताना कोटाचे खिसे रिकामे करताना मी हाती लागलो, तेव्हा समोर उभ्या असलेल्या चांदसाहेब नावाच्या गँगमनकडे त्यानं मला फेकलं. बक्षीस वगैरे काही नव्हतं ते. समोर कुत्रं असतं तर बिस्किट फेकलं असतं, इतकंच.

चांदसाहेबानं मात्र मला दोन्ही हातांनी झेललं. त्या दिवसापासून माझं खरं आयुष्य सुरू झालं. मी दोर कापले, कांदे चिरले, पायात मोडलेले काटे काढले, बैलाच्या नाकातली जुनी वेसण तोडली. रोज संध्याकाळी चांदसाहेब मला पुसून, गोडेतेलाचं बोट फिरवून खिशात ठेवायचा. अशी पंधरा-एक वर्षं गेली. मग एक दिवस त्यानं माझ्या मोठ्या पात्यानं लाकडी खोक्याचं झाकण उचकटलं आणि पातं मधोमध मोडलं. पहार घरात असताना चाकू घालायची अक्कल त्याला कशी सुचली, हे मी अजून विचारतो. प्रेम करणारी माणसंही कधीकधी गाढवपणा करतात.

तो खडकीच्या जुन्या बाजारात गेला आणि एक जळक्या मुठीचा चाकू घेऊन आला. मूठ गेलेली, पण पातं ठणठणीत. ते पातं त्यानं मला लावलं. आता पातं बसवायला आरपार एक खिळा लागतो. जुना खिळा वाकला होता आणि त्या जाडीचा दुसरा घरात सापडेना. शेवटी चांदसाहेबानं काय करावं? बायकोच्या पानदानाच्या बिजागरीतला पितळी खिळा उपसला, कापला आणि ठोकून माझ्यात बसवला.

"माझं पानदान मोडून तुमचा चाकू नीट करता होय?" हुरमतबी कडाडली.

"उद्या दुसरा आणतो की," चांदसाहेब म्हणाला.

तो उद्या कधी आला नाही. पानदानाचं झाकण हुरमतबीनं तांबड्या दोऱ्यानं बांधलं आणि ते तसंच राहिलं. त्यांचा मुलगा मीरासाहेब तेव्हा लहान होता आणि नेमका त्या आठवड्यात चाकणला मामाकडे कांद्याच्या ढिगावर घसरगुंडी खेळत होता. त्यामुळे हे सगळं पाहिलं ते त्या दोघांनी आणि मी.

त्या नव्या पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून, बारीक अक्षरांत पेटंट असा शब्द होता आणि पुढे तीन लाखांच्या वरचा एक आकडा. पेटंट म्हणजे काय ते सांगतो. विलायतेत कोणी काही नवी युक्ती काढली की तो सरकारदरबारी तिची नोंद करतो आणि त्याला एक क्रमांक मिळतो. या पात्यावर नख न मोडता उघडण्यासाठी एक खास खाच होती, तिचा तो क्रमांक. बस, एका खाचेचा क्रमांक! आणि एकदा मिळाला की पुढे कैक वर्षं तोच क्रमांक पात्यांवर ठोकत राहतात. म्हणजे पातं अमुक सालाच्या आधीचं नाही एवढंच त्यावरून कळतं. कोणत्या साली केलं, कोणाच्या खिशात राहिलं, कोणाच्या पायातला काटा काढला, यातलं काही कळत नाही. पण ज्यांना चाकू वापरायचाच नसतो त्यांना तो आकडा अगदी देवाच्या ठिकाणी असतो.

चांदसाहेब गेला, मागोमाग हुरमतबी गेली आणि मी मीरासाहेबाच्या खिशात आलो. तोवर काळ बदलला होता. इंग्रज गेले होते. चिंचवडच्या माळावर शेड उभ्या राहत होत्या, पिंपरीत औषधांच्या कारखान्याच्या भिंती वर येत होत्या आणि सकाळी भोंगा झाला की दापोडीपासून सायकलींची रांग लागायची. मीरासाहेब त्या रांगेत असायचा. चिंचवडच्या एका कारखान्यात तो पट्टे जोडायचा. तेव्हा एका लांब शाफ्टवरून चामड्याचे पट्टे खाली यायचे आणि त्यांच्यावर यंत्रं फिरायची. पट्टा तुटला की यंत्र मेलं. मग हाक यायची, "मीरासाब! पट्टा!" तो मला उघडायचा, पट्ट्याची टोकं सरळ कापायचा, चामड्याची वादी काढायचा आणि ती भोकांतून ओवून पट्टा शिवून टाकायचा. यंत्र पुन्हा फिरू लागलं की माझं पातं मांडीवर पुसायचा. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली वर्षं होती आणि हे सांगताना मला भरून येतं.

पण मीरासाहेबाला एक खोड होती. चहाच्या सुट्टीत तो माझी गोष्ट सांगायचा आणि दर वेळी ती वाढवायचा. आधी साहेबानं मला खुशीनं दिलं. मग साहेबाला साप चावणार होता, तो चांदसाहेबानं मारला म्हणून दिलं. पुढे त्याच सापाची मगर झाली आणि साहेब नदीत पडला. मानमोडीचं साल तेवढं गोष्टीत कायम असायचं. मी खिशात बसून ऐकायचो आणि कपाळाला हात लावावासा वाटायचा, पण मला कपाळ नाही.

आता उद्धवरावांकडे येतो.

उद्धवराव त्या कारखान्याच्या स्टोअरचे मुख्य. पुण्यात शिकलेले, कडक इस्त्रीचे आणि वरच्या खिशात भिंग असलेले. त्यांना जुने विलायती चाकू जमवण्याचा नाद होता. चाकू हाती आला की माणूस पातं उघडून धार बघतो. हे भिंग काढून बूड बघायचे. "आकड्याशेजारी साल दिलंय, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आधीचा. नुसताच लाखातला आकडा, म्हणजे त्यानंतरचा. अर्ज केला आहे एवढंच लिहिलंय, म्हणजे अजून क्रमांक मिळायचा होता, हा तर दुर्मीळ!" असं ते जेवायला बसलेल्या पाहुण्यांनाही ऐकवायचे. कोणता आकडा कोणत्या साली कुठवर पोचला होता, ते त्यांना तोंडपाठ होतं. विद्या खरी होती, मी नाकारत नाही. पण त्या विद्येतून निघायचं काय? तर निळ्या मखमलीचा एक ट्रे. त्यात चाकू पाठीला पाठ लावून निजलेले, एकाच्याही नशिबी पेरूची फोड नाही. घरात चाकूच चाकू आणि त्यांच्या पत्नी इंदुताई बोथट विळीवर लाल भोपळा चिरताना घामाघूम!

एका सुट्टीत उद्धवरावांनी मीरासाहेबाच्या हातात मला पाहिलं आणि त्यांची नजर बदलली. "मीरासाहेब, हा चाकू मला दे. तुला नवा घेऊन देतो, चांगला, कोरा."

"न्हाई साहेब. बापाची वस्तू हाय."

"अरे, तुझ्या हातात हा झिजून जाईल. माझ्याकडे जपून राहील."

मीरासाहेब हसला. "साहेब, तुमी चाकू जपता. मग भाजी कशानं चिरता?"

सगळे खो खो हसले. हेडफिटर सोपानराव तर चहा सांडेपर्यंत हसले. मोशीच्या शेतकरी घरातला हा आडदांड माणूस, त्याला हसू आवरायची सवयच नव्हती. उद्धवरावांचा चेहरा लाल झाला. माणसाला आपल्या अकलेवर कोणी हसलेलं चालतं, पण आपल्या नादावर हसलेलं चालत नाही. त्यांनी भिंग काढलं.

"बघू तरी," ते म्हणाले आणि माझं मोठं पातं उघडून बूड डोळ्याशी नेलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तुझ्या बापाला हा कधी मिळाला म्हणालास?"

"मानमोडीच्या साली."

"म्हणजे एकोणीसशे अठरा. आणि हा आकडा आहे तीन लाखांच्या वरचा. एकोणतीस-तीसच्या आधी या आकड्याचं पातं जगात नव्हतं. मग तुझ्या साहेबानं हा चाकू काय स्वर्गातून पाठवला?"

हसणं थांबलं. मित्रांनो, ही कारखान्याची माणसं. त्यांच्या हजेरीच्या बिल्ल्याला नंबर, यंत्राला नंबर, नटबोल्टाच्या पेटीला नंबर. माणूस बोलला तर ती शंका घेतील, पण लोखंडावर ठोकलेल्या आकड्यावर घेणार नाहीत. "आकडा कशाला खोटं बोलंल?" सोपानराव पुटपुटले, आणि मला त्या क्षणी त्यांचं नाक कापावंसं वाटलं.

उद्धवराव तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांना आठवण झाली. कारखाना नवा होता आणि मीरासाहेब नुकताच कामाला लागला होता, तेव्हा यंत्रं बसवायला एक परदेशी इंजिनियर आला होता आणि त्याचा काळ्या मुठीचा चाकू कारखान्यातच हरवला होता. तो कधी सापडला नाही आणि इंजिनियर परत गेला. "मूठ काळीच होती ना त्याची?" उद्धवरावांनी अगदी सहज विचारलं. कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाहीही म्हणालं नाही. दुपारपर्यंत गोष्ट मॅनेजरच्या टेबलावर होती आणि संध्याकाळी मीरासाहेबाला सांगण्यात आलं की चौकशी होईपर्यंत, दसरा उलटेपर्यंत, घरी बस. चोरीचा ठपका बसला तर हा कारखाना गेलाच, पण या माळावरच्या दुसऱ्या कोणत्याही फाटकातून त्याला कोणी आत घेणार नव्हतं. घरात परवीन आणि हसीना, दोन मुली. सगळं त्या एका आकड्यावर टांगलं होतं.

मला टेबलावर ठेवताना मीरासाहेबानं माझ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. "अब्बा, खरं काय व्हतं?" तो इतक्या हळू म्हणाला की ते फक्त मी ऐकलं. नोकरी जाण्यापेक्षा मला ते जास्त लागलं. आकड्यानं त्याला आपल्या मेलेल्या बापावर संशय घ्यायला लावलं होतं. मी ओरडून सांगितलं असतं, पण चाकूला तोंड नसतं, धार असते. आणि ती मिटलेली होती.

चौकशीचा ऐवज सुरक्षित राहावा म्हणून तो स्टोअरच्या मुख्यांच्या ताब्यात देण्यात आला. म्हणजे उद्धवरावांच्या. त्यांनी तो कुठे सुरक्षित ठेवला असेल? ओळखलंत. चिंचवड गावातल्या त्यांच्या घरी, निळ्या मखमलीत.

तिथली संगत काय सांगू! एक चाकू माशाच्या आकाराचा, त्यानं आयुष्यात पाणी पाहिलं नव्हतं. एक कुठल्याशा दारूच्या दुकानाची जाहिरात करणारा. आणि तो अर्जवाला, ज्याच्या पेटंटचा नुसता अर्ज झाला होता, तो तर सगळ्यांच्या वरताण. "तुम्हाला क्रमांक आहेत, मला नाही, म्हणूनच मी मोठा," असं तो रोज ऐकवायचा. मी विचारलं, काही कापलंस का कधी? तर म्हणे, कापणं हे हलक्यांचं काम. मी त्या ट्रेमध्ये कोणाशी पुन्हा बोललो नाही.

पहिल्याच संध्याकाळी उद्धवरावांनी मला दिव्याखाली नीट उघडलं. भिंगातून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. लहान पात्याचं बूड पाहिलं, तिथे आकडा नव्हता आणि विलायती मालकाच्या नावाची ठेवण जुनी होती. मोठं पातं जरा हलवलं, ते स्प्रिंगला नीट लागत नव्हतं. मग तेलानं आणि मळानं काळ्या पडलेल्या खिळ्यावर त्यांनी नख घासलं. नखाखाली पिवळा ठिपका चमकला.

"अस्सं," उद्धवराव म्हणाले.

त्यांना सगळं समजलं, मित्रांनो. पातं मागाहून बसवलं आहे, आकडा पात्याचा आहे, चाकूचा नाही, आणि चाकू महायुद्धाच्याही आधीचा आहे. मीरासाहेब खरं बोलत होता. मी वाट पाहिली. आता हे उठतील, चपला घालतील, मॅनेजरकडे जातील. ते उठले. कपाटाकडे गेले आणि मला ट्रेच्या मधोमध, सगळ्यांच्या वर ठेवलं. माझं वय वाढलं याचा त्यांना आनंद झाला होता! माणसाच्या अब्रूचं वय त्यांनी मोजलंच नाही. खिळ्यावरचा पिवळा ठिपका झाकायला त्यांनी वर काळ्या ग्रीसचं बोट मात्र फिरवलं. एवढं नीच काम करताना हात किती हलका ठेवला, भिंगाची सवय ना!

दिवस गेले आणि खंडेनवमी आली. हा सण तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी घरातल्या, कारखान्यातल्या प्रत्येक हत्याराला आंघोळ घालून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि झेंडूची फुलं घालतात. उद्धवराव सकाळीच कारखान्याच्या पूजेला गेले. इकडे इंदुताईंनी पदर खोचला. विळी, अडकित्ता, कात्री, खुरपं, सगळं परसातल्या दगडावर आलं. मग त्यांची नजर कपाटाकडे गेली. त्या ट्रेला हात लावायचा नाही, असा उद्धवरावांचा हुकूम होता. जुन्या चाकूवरची काळपट कांती घासली की त्याची किंमत जाते, असं जमवणारी माणसं मानतात. पण इंदुताईंना कांती कोण सांगणार? "वर्षानुवर्षं पारोसे ठेवलेत," त्या म्हणाल्या, "आज तरी आंघोळ करा रे बाबांनो." आणि चिंच, राख, काथ्या घेऊन त्यांनी आम्हां सगळ्यांना खसाखसा घासलं.

आहाहा! किती दिवसांनी माझ्या अंगावर कष्टाचा हात फिरला! अर्जवाला तर किंचाळतच होता. त्याची पुसट अक्षरं आणखी पुसट झाली आणि तो इतरांसारखा एक साधा चाकू झाला. मी इतका कधी हसलो नव्हतो. दुपारी उद्धवराव घरी आले, पाटावर ओळीनं लखलखणारे चाकू पाहिले आणि धपकन झोपाळ्यावर बसले. बोलणार काय? सणाचा दिवस आणि समोर उदबत्ती. पूजा मांडली की उत्तरपूजा होईपर्यंत त्यातली वस्तू हलवायची नसते, म्हणून मी दुसऱ्या दिवशीही तिथेच होतो, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोपानराव सोनं द्यायला आले. हातात आपट्याची पानं, डोक्याला नवा फेटा. पाटासमोर वाकून त्यांनी नमस्कार केला आणि मला ओळखलं. "ह्यो त्यो मीरासाबचा चाकू न्हवं?" ते म्हणाले आणि त्यांचा आवाज खाली गेला. "त्यो घराभाईर पडंना, साहेब. सनासुदीला आमी दापोडीला गेलो, तर दार बंद. पोरगी म्हनली, बापाच्या कबरीवर बी जाईना झालाय."

उद्धवराव पान चघळत राहिले. इंदुताई पुढे आल्या. नुकतीच उत्तरपूजा झाली होती, तेव्हा त्यांनी मला उचललं.

"भाऊजी, मला एक सांगा. घासताना मी बघितलं. याचे बाकीचे खिळे पांढरे, हा एकच पिवळाधमक. चिंचेनं असा उजळला की बघतच राहिले. असा एकच पितळी का बरं घातला असेल?"

"अगं, ठेव ते," उद्धवराव म्हणाले.

"पण हा मागाहून घातल्यासारखा दिसतो. म्हणजे पातंही मागाहून घातलं असेल. हो ना?" इंदुताई मला उलटसुलट करत नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुमचा तो आकडा तर पात्यावर आहे. अहो, एवढा अभ्यास तुमचा, आणि हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

मित्रांनो, उद्धवराव या वेळी गप्प बसले असते तर वाचले असते. चूक झाली म्हणाले असते तर चूकही पोटात गेली असती. पण बायकोनं, आणि तीही सोपानरावांच्या देखत, त्यांना अडाणी म्हटलं होतं. ते त्यांना सोसवेना.

"लक्षात आलं नाही?" ते उसळले. "मला शिकवतेस? ते मी पहिल्याच दिवशी बघितलंय! पातं बदललेलं आहे, मूळ चाकू महायुद्धाच्या आधीचा आहे. भिंगाखाली एका मिनिटात कळलं मला!"

झोपाळ्याची कडी तेवढी वाजत होती. बोलून गेल्यावर उद्धवरावांना कळलं आपण काय बोललो ते. सोपानरावांनी आपट्याची पानं द्यायला हात पुढे केला होता, तो त्यांनी मागे घेतला.

"मंग इतकं दिस गप का बसलात, साहेब?"

उद्धवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. इंदुताईंनी मला पदरानं कोरडं केलं आणि सोपानरावांच्या हातात दिलं. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या हे तुमच्याबरोबर मॅनेजरसाहेबांकडे येतील. आत्ता जे बोलले तेच तिथे बोलतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बोलले. कसं बोलले म्हणता? "थोडा तांत्रिक गैरसमज झाला," असं. अब्रूची लक्तरं करून वर तांत्रिक गैरसमज! मॅनेजरनं मान हलवली, इंजिनियराच्या चाकूचा विषय तिथेच मिटला आणि मीरासाहेबाला बोलावणं गेलं. तो आला तेव्हा दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. सोपानराव त्याच्यासमोर उभे राहिले. "मीरासाब, आमी आकड्याचं ऐकलं, तुझं न्हाई ऐकलं," एवढंच ते म्हणाले आणि मला त्याच्या तळहातावर ठेवलं. "पातं कुनीतरी बदललंय, बघ. ह्यो खिळा."

मीरासाहेबानं अंगठा खिळ्यावरून फिरवला. उजळलेलं पितळ त्याच्या अंगठ्याखाली पिवळं चमकलं. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"अम्माचं पानदान," तो म्हणाला.

"काय?"

"अम्माच्या पानदानाचं झाकण... मी चाकणहून आलो तर त्याला तांबडा दोरा बांधलेला. मी विचारलं, अम्मा, खिळा कुठं गेला? ती म्हणायची, जा, तुझ्या बापाच्या खिशात बघ. मी लई खिसे बघितले. मला वाटायचं मस्करी करती." तो हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागले. "इथं व्हता. सारी उमर माझ्याच खिशात व्हता."

सोपानरावांनी तोंड फिरवलं. मला तुम्ही विचाराल तर त्या दिवशी मी तिरस्कार करायचा विसरलो. अगदी थोडा वेळ.

कारण उद्धवराव पुढे सरकले होते. "मीरासाहेब, झालं गेलं. पण एक ऐक. तो पितळी खिळा काढून मी तुला मूळ पद्धतीचा पोलादी बसवून देतो. आणि पात्यावरच्या आकड्याला जप बरं का. तो गेला तर चाकूला काही अर्थ राहणार नाही."

मीरासाहेबानं त्यांच्याकडे पाहिलं. मग तो मला घेऊन शेडच्या कोपऱ्यात गेला, तिथे घासायचं दगडी चाक फिरत होतं. त्यानं माझं मोठं पातं उघडलं आणि बुडाची बाजू चाकाला लावली. ठिणग्या उडाल्या.

"अरे! अरे, आकडा! आकडा चाललाय!" उद्धवराव धावले. सोपानरावांनी नुसता हात आडवा केला.

पेटंट हा शब्द गेला. मग तीन लाखांच्या वरचा तो आकडा गेला, ज्यानं एका मुलाला त्याच्या बापाविषयी वाईट विचार करायला लावला होता. मला दुखलं का म्हणता? चटका बसला. पण एवढा हलका मी जन्मात झालो नव्हतो. तेवढ्यात आतून हाक आली, "मीरासाब! पट्टा!" आणि आम्ही दोघं धावलो.

आता मी फार जुना झालो आहे. पातं झिजून बारीक झालं आहे. माझ्यावर आकडा नाही, साल नाही, त्यामुळे माझं वय काढायला कोणी येत नाही, आणि हे सुख ट्रेमधल्या त्या लाडक्यांना कधी कळणार नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल. कृपा करून तिला काचेत कोंडू नका आणि तिच्या बुडाशी काय छापलंय ते वाचत बसू नका. तिला वापरा, पुसा, तेलाचं बोट लावा. आणि ती कोणी दुरुस्त केली, त्यात कोणाच्या घरचा खिळा आहे, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून घ्या. हुरमतबीच्या पानदानाचं झाकण अजून तांबड्या दोऱ्यानं बांधलेलं आहे. मीरासाहेबानं त्याला नवा खिळा लावू दिला नाही.